तोडणारा की जोडणारा? जुन्या गाडीला किल स्विच बसवताना

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने महूहून एक जुनी, पॉइंटवाली (म्हणजे उघडमीट करणाऱ्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडणारी) ३५० बुलेट आणली. गाडी चांगली निघाली. इंजिनाचा ठोका स्वच्छ आहे, तेल कुठे गळत नाही, टाकीला आतून गंज नाही. त्याला एकच गोष्ट खटकली, हँडलवर इंजिन बंद करायचं बटण, म्हणजे किल स्विच नाही. "मामा, एक मेकॅनिक म्हणतो पॉइंटच्या वायरला अर्थ देऊन टाकू, दहा मिनिटांचं काम आहे. दुसरा म्हणतो कॉइलची लाइन तोडून मध्ये स्विच घालू. तुझ्या गाडीला काय आहे?"

माझ्या गाडीवर दोन्ही प्रकार होऊन गेले आहेत. आधी चार वर्षं अर्थ देणारा होता, आता सहा वर्षं झाली लाइन तोडणारा आहे. त्याला तोंडी सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडतो. जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारी आपली बरीच मंडळी इंदुरात आहेत आणि हा प्रश्न प्रत्येकाला कधी ना कधी पडतो.

बोलायला सोपं जावं म्हणून अर्थ देणाऱ्याला 'जोडणारा' म्हणू आणि लाइन तोडणाऱ्याला 'तोडणारा'. जोडणारा एरवी उघडा असतो, म्हणजे त्याच्यातून करंटला वाट नसते. दाबला की पॉइंटची वायर बॉडीला जोडतो, पॉइंट उघडले तरी कॉइलला, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीला, ते कळत नाही आणि ठिणगी पडत नाही. तोडणारा एरवी मिटलेला असतो, कॉइलचा १२ व्होल्ट त्याच्यातूनच जातो. दाबला की पुरवठाच थांबतो. इंजिन दोन्हींनी बंद पडतं, आणि तेही तितक्याच पटकन. फरक दिसतो तो इंजिन बंद पडल्यानंतर, आणि त्याहून जास्त स्विच बिघडल्यावर.

आधी ज्यांना निवडच नाही त्यांच्याविषयी. तुमची गाडी आरएक्स १०० सारखी एसी सीडीआयवाली, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक युनिटवर ठिणगी पाडणारी असेल, किंवा मॅग्नेटोवर चालणारं पंपाचं, फवारणीचं इंजिन असेल, तर निर्णय इंजिनानेच घेतलेला आहे. तिथे ठिणगीची वीज बॅटरीतून येत नाही, इंजिन स्वतः फिरून ती तयार करतं. तोडायला १२ व्होल्टची लाइनच नसते, म्हणून किलची वायर बॉडीला जोडायची. अशा बहुतेक गाड्यांत चावी बंद करणं म्हणजेही जोडणंच असतं. चावीचा सॉकेट ओढून काढला तर गाडी बंद होत नाही, उलट चावीशिवाय चालू होते. पिथमपूरला भरत आलेल्या बाहा स्पर्धेत इंजिनिअरिंगची मुलं ज्या गाड्या बांधून आणतात त्यांच्यातही हेच तत्त्व असतं. मॅग्नेटोचं एकसिलिंडर इंजिन आणि दोन किल स्विच: एक चालकाच्या हाताशी, दुसरा बाहेरच्या माणसाचा हात पोचेल असा. दोन्ही समांतर जोडायचे, म्हणजे कुठलाही एक दाबला तरी वायर बॉडीला लागते. सीडीआयच्या किल वायरीला चुकूनही १२ व्होल्ट लावू नका, युनिट जळतं. इंजेक्शनवाल्या बहुतेक नव्या गाड्यांना तर कंपनीचाच स्विच असतो, गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सरही असतो. तिथे हात घालायचं कारण नाही. डिझेलला ठिणगीच नसते, तिथे इंधन थांबवावं लागतं, तो विषयच निराळा.

उरल्या त्या बॅटरी, कॉइल आणि पॉइंटच्या गाड्या. तिथे दोन्ही प्रकार चालतात, म्हणून गोंधळ होतो.

बुलेटवाले जुने लोक इथे हमखास म्हणतील की डिकॉम्प्रेशनचा लिव्हर असताना किल स्विच हवा कशाला. मीही कित्येक वर्षं तो लिव्हर ओढूनच गाडी बंद करत होतो. मंद चालणारं इंजिन त्याने छान बंद होतं. पण तेवढंच. एक्सिलरेटर अडकून इंजिन ओरडत असताना एक्झॉस्टची झडप उचलून धरणं मला पटत नाही. शिवाय तो लिव्हर क्लचच्या हाताला असतो, आणि अशा वेळी तो हात क्लचवर हवा असतो.

तर आधी जोडणाऱ्याची बाजू, आणि ती प्रामाणिकपणे मांडतो, कारण चार वर्षं मी त्यावर समाधानी होतो.

बसवायला तो खरोखर सोपा आहे. मूळ वायरिंगला कात्री लावावी लागत नाही. कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकावर आधीच्या वायरीसोबत आणखी एक थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, बसवायचं, वायर हँडलपर्यंत आणायची, बटणाचं दुसरं टोक हँडलच्या बोल्टाला. झालं. उद्या मन बदललं तर थिंबल काढलं की गाडी होती तशी. जुन्या गाडीच्या वायरिंगला हात लावायला ज्यांचा जीव धजत नाही, त्यांना हे आवडणं मी समजू शकतो. दुसरी गोष्ट, बटणाचे कॉन्टॅक्ट खराब झाले तरी चालत्या गाडीला काही होत नाही. मिसफायर, म्हणजे मध्येच ठिणगी चुकणं नाही, रस्त्यात बंद पडणं नाही. स्विच असून नसल्यासारखा असतो.

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा गुण वाटायचं.

आता त्याचा त्रास. बटण दोन तऱ्हेचं मिळतं. एक हॉर्नसारखं, दाबलं तेवढाच वेळ लागणारं. ते इंजिन पूर्ण थांबेपर्यंत दाबून धरावं लागतं. बुलेटचं फ्लायव्हील जड, बटण लवकर सोडलं की इंजिन फिरत असतंच, ते पुन्हा उचल खातं. रोज एवढा वेळ अंगठा दाबून धरणं जमेल, पण गाडी आडवी पडली आणि हात हँडलवरून सुटला तर बटण दाबून कोण धरणार? म्हणून मी दुसऱ्या तऱ्हेचं लावलं, एकदा दाबलं की अडकून राहणारं.

त्यात निराळीच पंचाईत झाली. पहिल्याच आठवड्यात राजवाड्याजवळ एका दुकानापाशी थांबलो, बटण दाबलं, इंजिन बंद झालं, चावी तशीच राहिली. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर आलो तर हेडलाइटच्या कवचातल्या अ‍ॅमीटरचा काटा डावीकडे झोपलेला. इंजिन थांबलेलं, दिवा बंद, आणि तरी बॅटरीतून करंट चाललेला. त्याचं कारण कागदावर अगदी साधं आहे. पॉइंटची वायर बॉडीला जोडली म्हणजे कॉइलमधून बॅटरीचा करंट सलग वाहू लागतो. इंजिन फिरत असताना पॉइंट तो सतत तोडत असतात, इथे तोडणारं कोणी नाही. कॉइलचा रोध तीन-साडेतीन ओहमच्या आसपास धरला तर साडेतीन-चार अँपिअर, म्हणजे ४० वॅटच्या घरात उष्णता. आपण टाके लावायला वापरतो तो साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. मी टाकीखाली हात घालून कॉइलला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. संध्याकाळी आमच्या मेकॅनिकला, उस्तादांना सांगितलं तर ते म्हणाले, "भिया, कॉइल तवा हो री है, ऐसे मत छोड़ा करो."

चावी चालू ठेवायचीच कशाला, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं आणि चावी राहिली तर किल स्विच नसलेल्या गाडीतही हेच होतं. पण किल स्विच हाताशी आला की चावी विसरायची शक्यता वाढते, हा माझा अनुभव. फाटकापाशी, सिग्नलला, कोणाशी दोन शब्द बोलायला थांबताना हात बटणाकडे जातो, चावीकडे नाही.

मग मी काय केलं? कॉइलची भीती बसली, म्हणून रोज चावीनेच बंद करू लागलो आणि बटण ठेवलं 'वेळेला' म्हणून. मला निर्णयाकडे नेणारा त्रास हाच. बटण कॉइल तापवतं म्हणून रोज वापरायचं नाही. रोज वापरायचं नाही म्हणजे ते चालतं की नाही हे रोज कळत नाही. आणि जे रोज कळत नाही ते नेमकं कधी बिघडलं, हेही कळत नाही. वर सांगितलेला तो गुण, असून नसल्यासारखा असण्याचा, इथे पूर्ण उलटतो.

कळलं ते भेरूघाटात. ऑगस्ट होता. पावसाने उघडीप दिली म्हणून सिमरोलवरून चोरलकडे निघालो होतो. उतारावर एक्सिलरेटर सोडला, पण इंजिन उतरलं नाही. केबलचा एक धागा आतल्या आत तुटून आवरणात अडकला होता, हे नंतर पाहिलं. त्या क्षणी फक्त एवढं जाणवलं की मूठ सैल आहे आणि गाडी ओढतेय. अंगठ्याने बटण दाबलं. काहीच नाही. सोडून पुन्हा दाबलं. क्लच ओढल्यावर इंजिनाने जो आवाज काढला तो अजून कानात आहे. पुढे वळण, वळणापलीकडून ट्रकचा हॉर्न. एक हात हँडलवरून काढून चावी फिरवली, तेव्हा कुठे शांत झालं. गाडी कडेच्या दगडांपाशी लावली आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

घरी येऊन टेप सोडली. बटण ठीक होतं. कॉइलकडचं थिंबल घट्ट होतं. वायर वरून अखंड दिसत होती, रंगसुद्धा ताजा. पण हँडल वळतं तिथे, हेडलाइटच्या मागे, ती दोन बोटांत धरून हळूच ओढली तर रबरासारखी ताणली गेली. आवरण शाबूत होतं, आतलं तांबं तुटलेलं. हँडल डावीकडे-उजवीकडे वळवताना तीच जागा रोज दुमडत होती. केव्हा तुटली होती ते आजही सांगता येणार नाही. आठवडा झाला असेल किंवा आठ महिने. गाडीने मला ते कुठल्याच मार्गाने कळवलं नव्हतं.

त्यानंतर मी या विषयावर जरा वाचलं, माहितीच्या माणसांशी बोललो. मला सगळ्यात समजावून गेलं ते लहान विमानांचं उदाहरण. पिस्टन इंजिनाच्या विमानात दोन मॅग्नेटो असतात आणि दोघांना बंद करायची पद्धत जोडणारी, म्हणजे वायर बॉडीला लावायची. तिथे हेच योग्य आहे, कारण एखादी वायर तुटली म्हणून हवेत इंजिन थांबलेलं परवडणार नाही. त्याची किंमत म्हणून वायर तुटलेला मॅग्नेटो स्विच बंद असूनही जिवंत राहतो, आणि जमिनीवर उभ्या विमानाचा पंखा हाताने फिरवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून वैमानिक उड्डाणाआधी दोन्ही मॅग्नेटो आळीपाळीने बंद करून आवर्तनं किती पडतात ते पाहतात. जोडणारा स्विच निवडला की त्याच्यासोबत तपासणीची शिस्तही पत्करावी लागते. ते लोक ती पाळतात. मी पाळली नव्हती.

जमिनीवर मात्र हिशेब बहुतेक वेळा उलटा असतो. बहुतेक वेळा म्हणतो, कारण एबी रोडसारख्या हमरस्त्यावर मागे ट्रक असताना इंजिन अचानक थांबणं हाही धोकाच आहे, आणि तोडणारा स्विच तो धोका थोडा वाढवतो हे नाकारत नाही.

आता तोडणारा. चावीकडून कॉइलला येणारी वायर शोधायची, ती कापून दोन्ही टोकं हँडलपर्यंत न्यायची आणि मध्ये स्विच घालायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण जुन्या गाडीत वायरींच्या रंगावर विसंबू नये. चाळीस वर्षांत किती हातांनी काय जोडलं असेल सांगता येत नाही. टेस्ट लॅम्पने वायर ओळखायची. फक्त कॉइलची लाइन तोडायची, मुख्य लाइन नाही. मुख्य तोडली तर इंजिनासोबत हेडलाइट आणि मागचा दिवाही जाईल, आणि रात्री रस्त्यात आडव्या पडलेल्या गाडीचा दिवा जळत राहिलेलाच बरा. लाइन फ्यूजच्या पुढची घ्यावी. कारण आता जिवंत १२ व्होल्ट हँडलपर्यंत चाललाय, आणि ती वायर कुठे घासून बॉडीला लागली तर फ्यूज उडला पाहिजे, वायरिंग जळता कामा नये. माझ्या गाडीत फ्यूज नव्हताच, तो या निमित्ताने बसवला. वायर दीड एमएमची, बारीक तारांची घेतली. जाड एकेरी तार वळणावर लवकर मोडते.

काम दहा मिनिटांचं नाही, अर्धा दिवस गेला. मूळ वायर कापताना हात थरथरला हेही खरं.

याचा त्रासही सांगतो, कारण तो लहान नाही. दुसऱ्या वर्षी रंगपंचमीला गाडी घराबाहेर उभी होती. गेरीहून, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीहून, परतणाऱ्या पोरांनी जाता जाता बादली ओतली. रंगपंचमीच्या दिवशी इंदुरात गाडी बाहेर ठेवली ही चूक माझीच. पुसून ठेवली आणि विसरलो. आठवड्याभराने मिसफायर सुरू झाला, कधी चौथ्या गियरला तर कधी खड्ड्यात चाक आपटलं की. प्लग बदलला. पॉइंट घासून ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या मध्ये गॅप लावला. कंडेन्सर नवा टाकला. कार्ब्युरेटर उघडून जेट साफ केले. तीन रविवार यात गेले. गाडी दोन दिवस नीट चालायची आणि पुन्हा तेच. शेवटी उस्तादांनी स्विचची दोन्ही टोकं एका तुकड्याने थेट जोडली आणि गाडी लोण्यासारखी चालली. स्विच उघडला तर आत गुलाबी चिखल वाळून बसलेला, आणि त्याखाली पितळी पट्टीवर हिरवट बुरशीसारखा थर.

तोडणाऱ्या स्विचचा खरा त्रास हा आहे. त्याचा बिघाड स्वतःच्या रूपात येत नाही. कधी प्लगचं, कधी पॉइंटचं, कधी पेट्रोलचं सोंग घेऊन येतो, आणि तो स्विचमध्ये आहे हे आपल्याला सगळ्यात शेवटी सुचतं. त्यावर माझे उपाय दोन. दोन्ही टोकांना कनेक्टर असलेला बोटभर वायरीचा तुकडा मी सीटखाली टेपने चिकटवून ठेवला आहे. मिसफायर आला की आधी स्विच वगळून पाहायचा, बाकी सगळं नंतर. रस्त्यात स्विच पूर्णच गेला तर त्याच तुकड्यावर घरी येता येतं. आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि रंगपंचमीनंतर, स्विच उघडून पेट्रोलने धुऊन, सुकवून, व्हॅसलिनचा पुसट हात द्यायचा.

एवढं होऊनही मी तोच ठेवला. तीन रविवार गेले, पण त्या तीन आठवड्यांत गाडी मला रोज सांगत होती की काहीतरी बिघडलंय. मला ते समजायला वेळ लागला, पण तिने लपवलं नव्हतं. तोडणाऱ्याची वायर तुटली तर इंजिन बंद. घासून बॉडीला लागली तर फ्यूज उडून इंजिन बंद. कॉन्टॅक्ट गंजले तर मिसफायर. जोडणाऱ्याची वायर घासून बॉडीला लागली तर इंजिन बंद पडतं खरं, पण वायर तुटली तर काहीच होत नाही, आणि घाटात मी ज्यात सापडलो ते हेच 'काहीच नाही' होतं. तोडणाराही गुपचूप निकामी होऊ शकतो. आतले कॉन्टॅक्ट चिकटले किंवा दोन वायरी एकमेकींना वितळून जोडल्या गेल्या तर तो दाबूनही इंजिन थांबणार नाही. पण इथे एक सोय आहे. गाडी रोज याच स्विचने बंद करायला काहीच अडचण नसते. कॉइलचा पुरवठाच तुटतो, त्यामुळे चावी विसरली तरी कॉइल थंड राहते. मी आता रोज आधी स्विच, मग चावी, असंच बंद करतो. म्हणजे दररोज आपोआप एक तपासणी होते, तिच्यासाठी वेगळी शिस्त लागत नाही.

मीटर लावून दोन्हींचे आकडे मी काढलेले नाहीत. तोडणाऱ्या स्विचमध्ये थोडा व्होल्टेज खर्च होत असणार, पण किकमध्ये मला फरक जाणवला नाही. थंडीच्या सकाळीही पूर्वीसारखीच दुसऱ्या-तिसऱ्या किकला लागते.

रिलेबद्दल, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचबद्दल, बरेच जण विचारतात. कॉइलचा करंट रिलेतून न्यायचा आणि हँडलवरच्या स्विचने फक्त रिले चालवायचा, ही पद्धत चांगली आहे. हँडलपर्यंत करंट अगदी थोडा जातो आणि हलका स्विचही पुरतो. फक्त जोडणी अशी हवी की स्विचची वायर तुटली तर रिले सुटून इंजिन थांबेल. म्हणजे चालत्या गाडीत रिले ओढलेला असावा आणि कॉइलची लाइन रिलेच्या ३० व ८७ नंबरच्या पिनांमधून जावी, ज्या रिले ओढला तरच जुळतात. काही जण रिले सुटलेला असताना जुळणाऱ्या ८७ए पिनवर जोडून मोकळे होतात. मग वायर तुटली की रिले ओढलाच जात नाही, आणि आपण पुन्हा जोडणाऱ्याच्याच दोषात सापडतो. मी स्वतः रिले लावला नाही. बुलेटच्या थरथरीत जितके सांधे कमी तितकं बरं असं मला वाटतं. साडेतीन-चार अँपिअर पेलणारा कंपनीच्या घडणीचा रन-स्टॉप स्विच मिळाला, तो थेट लावला. ज्यांच्याकडे नाजूक बटण आहे त्यांनी रिले जरूर लावावा.

दोरीवाला स्विच, मनगटाला अडकवायचा, हा मातीत किंवा ट्रॅकवर चालवणाऱ्यांसाठी. माणूस फेकला गेला की दोरीने स्विचवरची टोपी निघते आणि इंजिन थांबतं. रोजच्या रस्त्यावर तो मला अडचणीचा वाटला, पेट्रोल भरायला उतरलो तरी दोरी ओढली जायची. घ्यायचा असेल तर दुकानातच बल्ब लावून पाहा. टोपी काढल्यावर वाट तुटणाराही मिळतो आणि जुळणाराही, आणि पाकिटावरून नेहमी कळतंच असं नाही.

माझं मत एव्हाना दिसलंच असेल. आरएक्स किंवा मॅग्नेटो असेल तर जोडणारा लावा आणि रोज त्यानेच बंद करा, तिथे कॉइल तापण्याची अडचण नाही. पॉइंटची गाडी असेल, वायरिंग मूळचं आणि अस्पर्श असेल, ते तसंच जपायचं असेल आणि गाडी महिन्यातून एकदा निघत असेल, तर जोडणारा लावायलाही मी नको म्हणणार नाही. फक्त निघण्यापूर्वी एकदा दाबून इंजिन थांबतं का पाहा आणि लगेच सोडा. पण गाडी रोज चालत असेल, घाटात जात असेल, तर माझा कल तोडणाऱ्याकडे आहे.

भाच्याने तोडणाराच घेतला. मागच्या रविवारी आमच्या अंगणात बसवला. टाकी काढून लाइन शोधली, फ्यूज टाकला, वायरींवर स्लीव्ह चढवून त्या हेडलाइटच्या मागून वळवल्या आणि चार ठिकाणी टायने बांधल्या. गाडी चालू केली, स्विच दाबला, बंद झाली. तो लगेच टाकी बसवायला निघाला. मी म्हटलं, थांब, गाडी चालू कर आणि हँडल पूर्ण फिरव. उजवीकडे फिरवलं, ठोका तसाच. डावीकडे शेवटपर्यंत नेलं तर इंजिनाने एक ठोका खाल्ला. पुन्हा नेलं, पुन्हा खाल्ला. हँडल ज्यावर बसतं त्या टी पाशी बांधलेला टाय फार आवळला होता, वायर कनेक्टरमधून ओढली जात होती. तो टाय कापला, वायरीला बोटभर ढील दिली, कनेक्टर दाबून बसवला. मग त्याने दहा वेळा हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, मी ठोका ऐकत उभा राहिलो, आणि तेव्हा टाकी चढवली.